मान खाली घालून शिकणारी मुले



या पानावर आपण एरवी पिकांच्या आणि जनावरांच्या दुखण्यांबद्दल बोलतो. भाताचा करपा, खोडकिडा, गाईची कास, बैलाचा खांदा. आज घरातल्या माणसाच्या मानेबद्दल बोलायचे आहे, आणि तीही शिकणाऱ्या मुलामुलींच्या मानेबद्दल. कृषी विस्ताराच्या माणसाने यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे ओघात येईलच.

निमित्त झाले एका पत्राचे. आंबिवलीच्या बाजूने एका भगिनीने लिहिले आहे, की मुलगी मुक्त विद्यापीठातून बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे, शिवाय सरकारी भरतीच्या परीक्षेचे तास मोबाईलवर ऐकते. चार महिने झाले, तिची मान आणि दोन्ही खांद्यांच्या मधली पाठ दुखते. रात्री कूस बदलताना कळ येते. घरातली मंडळी म्हणतात, हे मोबाईलचे खूळ आहे, आता शिकणे पुरे. आणि शेवटी त्या विचारतात, "साहेब, तुम्ही शेतीचे सांगता तसे याचेही काही सांगाल काय?"

एका मुलीचे शिक्षण मानेच्या दुखण्यावरून थांबणार असेल तर ते प्रकरण लहान नाही. आणि ही एकच मुलगी नाही. गेल्या काही वर्षांत मी ज्या ज्या गावी बैठकीला गेलो, तेथे विचारल्यावर दोनचार घरांतून तरी हीच तक्रार ऐकू आली. पूर्वी मान धरली म्हणजे वय झाले असे समजत. आता वीस वर्षांची मुले मान चोळताना दिसतात.

आंबिवली हे कल्याण-कसारा मार्गावर शहाड आणि टिटवाळ्याच्या मधले स्टेशन. जवळून उल्हास आणि काळू या नद्या वाहतात. स्टेशनच्या आसपास इमारती झाल्या, तरी काळूच्या अंगाने रुंदे, फळेगावकडे गेलात की पावसाळ्यात अजून भाताची खाचरे भरलेली दिसतात. मोहन्याची एन. आर. सी. कंपनी २००९ साली बंद पडली. त्याआधी एक भाऊ शेतात आणि एक भाऊ कंपनीत अशी येथल्या पुष्कळ घरांची घडी होती. ती मोडली. जमिनीचे तुकडे झाले, कंपनी गेली, आणि राहिली ती मुलांच्या शिक्षणाची आशा. म्हणून येथल्या मुलाच्या हातातली पदवी ही हौस नव्हे, ती घराची पुढची तजवीज आहे.

मोबाईलवरचे शिक्षण घरात आले ते कोरोनाच्या साथीत. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. मुंबई विद्यापीठाच्या अखत्यारीतली कल्याण, डोंबिवली, मुरबाड, शहापूरची सारी महाविद्यालये घरातल्या मोबाईलवर भरू लागली. त्या वर्षी ऑक्टोबरात शेवटच्या वर्षाच्या परीक्षासुद्धा अशाच झाल्या. पुष्कळांना आठवत असेल, १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई-ठाण्याची वीज गेली, तेव्हा परीक्षेला बसलेल्या मुलांची काय तारांबळ उडाली ती. राज्यातली महाविद्यालये पुन्हा भरली ती २० ऑक्टोबर २०२१ ला, म्हणजे दीड वर्षाने. सिंधुदुर्गात पशुवैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने मोबाईलला रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी बांधून पावसाळ्यात तास ऐकले, ही बातमी तेव्हा सर्वांनी वाचली. मुलीच्या जिद्दीचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. पण अशा जागी तासन्‌तास बसून मानेचे आणि पाठीचे काय होते, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही.

साथ गेली, पण ही पद्धत गेली नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी बसून शिकवते, पूर्वी छापील पुस्तकांतून, आता त्याच्या जोडीला मोबाईलवरून. केंद्र सरकारचे 'स्वयम्' २०१७ साली सुरू झाले. २०२१ च्या नियमांनुसार महाविद्यालयातल्या मुलालाही अभ्यासक्रमातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तेथून घेता येतात. तलाठी भरती, पोलीस भरती, लोकसेवा आयोग यांची तयारी तर बहुतेक मोबाईलवरच होते. पुण्याला खोली घेऊन राहण्याइतके पैसे ज्याच्याजवळ नाहीत, त्याला हाच रस्ता. म्हणून "मोबाईल फेकून दे" हा सल्ला कामाचा नाही. विळ्याने हात कापतो म्हणून कोणी कापणी सोडीत नाही.

आता दुखते का ते पाहू. माणसाचे डोके साडेचार ते पाच किलोचे असते. ते सात मणक्यांच्या मानेवर तोलून धरलेले आहे. डोके खांद्यांच्या बरोबर वर असले, की वजन हाडांवरून सरळ खाली जाते आणि स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. डोके पुढे झुकले, की ते खाली पडू नये म्हणून मानेमागच्या आणि खांद्यावरच्या स्नायूंना ते मागून ओढून धरावे लागते. भरलेली बादली अंगाशी धरून पाहा आणि मग हात लांब करून धरून पाहा. बादली तीच, पाणी तेच, पण हात लांब केल्यावर दोन मिनिटांत दंड भरून येतो. न्यूयॉर्कचे एक शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली याचा हिशोब मांडला. डोके १५ अंश झुकले तर मानेवर सुमारे १२ किलोचा भार येतो, ३० अंशाला १८, ४५ अंशाला २२ आणि ६० अंशाला २७ किलो. युरियाचे पोते आज ४५ किलोचे मिळते. म्हणजे मांडीवरच्या मोबाईलमध्ये डोके खुपसून बसलेले पोर अर्ध्या पोत्याहून अधिक ओझे मानेवर घेऊन बसलेले असते. हा हिशोब गणिताने मांडलेला आहे, कोणाच्या मानेत तराजू घालून मोजलेला नाही, तेव्हा आकड्यांना किलोकिलोने चिकटून बसू नये. पण वाकण्याबरोबर ताण वाढतो, ही गोष्ट खरी.

यावर घरातली वडील माणसे एक मुद्दा हमखास काढतात. "आम्ही डोक्यावर भारे वाहिले, दोन-दोन हंडे आणले, आमची मान नाही दुखली." मुद्दा टाकाऊ नाही. डोक्यावरचा हंडा मान ताठ ठेवल्याशिवाय राहतच नाही, म्हणजे वजन हाडांवर पडते. शिवाय हंडा घेऊन माणूस चालत असते, पाचदहा मिनिटांत तो उतरवते. मोबाईलवर शिकणारे पोर मात्र एकाच ठिकाणी, एकाच आकड्यात दोन-दोन तास गोठलेले असते. स्नायू काम करून जितका थकतो त्याहून एकाच जागी ताणून धरल्याने अधिक थकतो. ताणलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही, तो आखडतो आणि दुखू लागतो. आणि खरे सांगायचे तर हंडे वाहणाऱ्या आईचीही मान दुखत होती. तिला कोणी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही, इतकेच.

डॉक्टर मंडळींमध्ये याबद्दल अजून वाद आहे, तोही सांगून टाकतो. नुसते वाकून बसणे हेच एकमेव कारण आहे काय? तसे दिसत नाही. वाकून बसणाऱ्या सगळ्यांचीच मान दुखत नाही, आणि ताठ बसणाऱ्या काहींची दुखते. झोप कमी, परीक्षेची धास्ती, दिवसभर अंगाला हालचाल नाही, घरात रोजची बोलणी, या सर्वांची त्यात भर पडते. धास्तावलेले माणूस नकळत खांदे वर चढवून बसते. भरतीची जाहिरात लांबली, वय निघून चालले, अशा काळजीत असलेल्या मुलाचे खांदे एकदा नीट बघा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपल्या खात्यात आणि कृषी विद्यापीठांत एक काम वर्षानुवर्षे चाललेले आहे, ते म्हणजे अवजार माणसाच्या अंगाला बेताचे करणे. खुरप्याने बसून निंदणी करताना बायकांची कंबर आणि गुडघे जातात, म्हणून उभ्याने चालवायचे सायकल कोळपे आले. भाताच्या चिखलात वाकून तण उपटण्याऐवजी उभ्याने ढकलायचा कोनो वीडर आला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दातेरी वैभव विळा काढला, तो कापताना मनगटाला हिसका कमी बसावा म्हणून. आंबा काढायचा नूतन झेलाही त्यांचाच. या सर्वांमागे तत्त्व एकच. माणसाला अवजारापर्यंत वाकवू नका, अवजार माणसापर्यंत आणा. फावड्याचा दांडा आखूड असेल तर आपण काय करतो? खोदणाऱ्याला आळशी म्हणत नाही, दांडा बदलतो.

मोबाईल हे शिकणाऱ्या पोराचे अवजार आहे, आणि त्याला दांडाच नाही. हातात धरले की हात थकतात, हात थकले की ते मांडीवर येते, मांडीवर आले की मान खाली जाते. यात त्या पोराच्या स्वभावाचा काही दोष नाही. नांगराचे जू बैलाला नीट बसले नाही तर खांदा सुजतो, आणि तेव्हा शहाणा शेतकरी बैलाला मारीत नाही, जू तासून नीट करतो. घाटावर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळदतुपाने चोळून शेकतात, त्याला खांदेमळणी म्हणतात. मुक्या जनावराच्या खांद्याची ज्या घराला इतकी काळजी, त्या घरात मुलीची मान दुखते म्हटल्यावर "नाटके आहेत" असे ऐकू यावे, याचे मला नवल वाटते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या घरी मी जाऊन आलो. घरात रेंज येते ती पडवीच्या एकाच कोपऱ्यात. तेथे मुलगी जमिनीवर बसते, मोबाईल तांब्याला टेकवून पायांच्या मधे ठेवते आणि वही फरशीवर ठेवून लिहिते. हनुवटी जवळजवळ छातीला लागलेली. सकाळी दोन तास, घरकाम आणि गुरांचे पाहून झाल्यावर रात्री आणखी तीन तास. टेबल-खुर्ची नाही, आणि ठेवायला जागाही नाही. मी म्हटले, टेबलाचे नाव काढू नका, घरात काय आहे ते बघू.

पत्र्याची ट्रंक होती. ती त्या कोपऱ्यात ओढली, वर तांदळाचा डबा ठेवला आणि डब्यावर मोबाईल. बसल्यावर मोबाईलची वरची कड मुलीच्या डोळ्यांच्या रेषेत आली. तिला भिंतीला पाठ टेकून बसवले आणि बुडाखाली गोधडीची जाड घडी दिली. कुल्ले गुडघ्यांपेक्षा वर राहिले म्हणजे कंबर आपोआप सरळ होते आणि कंबर सरळ झाली की मान सावरते. मोबाईल घसरत होता. मुलीचे वडील तेथेच उभे होते, फारसे खूष नव्हते. मी त्यांना म्हटले, "दादा, तुम्ही कुऱ्हाडीला दांडा बसवता, याला एक ठोकळा करून द्या, खाच पाडून." ते म्हणाले, "हे काय, पोथी वाचायची आहे काय तिला?" पण त्यांनी सागाचा तुकडा काढला आणि अर्ध्या तासात थोडी तिरपी खाच असलेला ठोकळा करून दिला. मोबाईल त्यात असा बसला की हलेना.

पोथीचे त्यांनी म्हटले ते बरोबरच होते. पारायणाला बसणारी माणसे पोथी मांडीवर घेत नाहीत, चौरंगावर किंवा घडीच्या लाकडी स्टँडवर ठेवतात. पेठेतले जुने दिवाणजी गादीवर बसून दिवसभर खतावण्या लिहीत, त्यांच्यापुढे बसके, उतरते मेज असे. जमिनीवर बसून वाचण्यालिहिण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिची साधनेही आपल्याकडेच होती. मुलीच्या लिहिण्यासाठी आम्ही तेच केले. पाटाच्या एका बाजूखाली वीट ठेवून तो उतरता केला आणि मांडीपुढे घेतला. वही फरशीवरून वीतभर वर आली. पाट आणि वीट कोणाच्या घरी नाही?

ज्यांना हातात मोबाईल धरूनच वाचावे लागते त्यांनी मांडीवर उशी किंवा गोधडी घेऊन कोपरे तिच्यावर टेकवावीत. हातांचे वजन खांद्यांवरून उतरते. पालथे पडून वाचू नये. कुशीवर आडवे होऊन, मान एका बाजूला मुरगाळून वाचणे तर अगदीच वाईट, आणि नेमकी तीच सवय मुलांना फार. निजताना दोन उशा घेऊ नयेत. एक, तीही खांदा आणि डोके यांच्यातली पोकळी भरेल इतकीच. अंधुक दिव्याखाली मान आपोआप पुढे जाते, म्हणून दिवा डोक्याच्या मागून किंवा बाजूने यावा आणि मोबाईलवरची अक्षरे मोठी करून घ्यावीत. ही सोय प्रत्येक मोबाईलमध्ये असते, पण घरोघर बारीक अक्षरे डोळ्यांजवळ धरून वाचणारी मुले मी पाहतो.

पण मित्रांनो, कितीही नीट बसवले तरी गोठून बसले की दुखणारच. आमच्याकडे आवणीच्या दिवसांत बायका दिवसभर वाकलेल्या असतात, पण एक कड संपली की उभ्या राहतात, कंबरेवर हात ठेवून मागे झुकतात, शेजारणीशी दोन शब्द बोलतात आणि मग पुढची कड धरतात. ती विश्रांती कोणी शिकवलेली नाही, अंगाने मागितली आणि रूढ झाली. मोबाईलच्या अभ्यासाला अशी कड नाही, एक तास संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. तेव्हा ती कड आपण पाडायची. अर्ध्या तासाने उठायचे. गुरांना पाणी दाखवा, अंगणात दोन येरझारा घाला, एवढे पुरे. दोन मिनिटे लागतात, अभ्यास बुडत नाही.

आणखी एक गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. सगळाच तास डोळ्यांनी बघायचा नसतो. इतिहास, राज्यघटना, अर्थशास्त्र यांतले पुष्कळसे नुसते ऐकण्यासारखे असते. कानात यंत्र घालून, मोबाईल खिशात ठेवून, अंगणात फिरत ऐकावे. मान वर राहते, पाय चालते राहतात आणि ऐकलेले अधिक ध्यानात राहते असे दोनतीन मुलांनी मला सांगितले. रेडिओवरचे शेतीचे कार्यक्रम आपण असेच ऐकले, गुरे चारताना, भात झोडताना. ऐकण्यासाठी कोणी बसून राहिले नाही.

आता व्यायामाचे. डेन्मार्कमध्ये मान आणि खांदे वारंवार दुखणाऱ्या कचेरीतल्या १९८ माणसांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. काहींना रबरी पट्ट्याने रोज फक्त दोन मिनिटे व्यायाम दिला, काहींना बारा मिनिटे, काहींना नुसती माहिती. दहा आठवड्यांनी दोन मिनिटेवाल्यांचे दुखणे बारा मिनिटेवाल्यांच्या जवळजवळ बरोबरीने कमी झाले होते. हे वाचून मला फार बरे वाटले, कारण आपल्या मुलांना बारा मिनिटे सांगितली तर ती चार दिवसांत सोडतील. दोन मिनिटांना नाही म्हणायला तोंड नाही.

रबरी पट्टा विकत आणायला नको. सायकलची जुनी ट्यूब घ्या, व्हॉल्व्हजवळचा भाग कापून टाका आणि उरलेली उभी चिरून अरुंद पट्टा करा. अख्खी ट्यूब फार जड जाते. पट्ट्याच्या मध्यावर दोन्ही पाय ठेवून उभे राहावे, दोन टोके दोन हातांत धरावीत, कोपरे किंचित वाकवून दोन्ही हात बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत सावकाश वर न्यावेत आणि सावकाश खाली आणावेत. खांदे कानाकडे चढू देऊ नयेत. झटके देऊ नयेत. पहिले काही दिवस अंग दुखेल, तसे ते कोणत्याही नव्या कामाने दुखते. पण हातात कळ गेली किंवा मुंग्या आल्या तर ताबडतोब थांबावे. याच्या जोडीला, उठाल तेव्हा हनुवटी सरळ मागे घ्यावी, म्हणजे मागच्या भिंतीला डोके लावल्यासारखी, पाच आकडे मोजावेत आणि सोडावी, असे दहा वेळा. आणि दोन्ही पाठपुड्या एकमेकींजवळ आणाव्यात, तशाच दहा वेळा. दिसायला हे हास्यास्पद दिसते. हसणाऱ्यांनी हसावे.

शेतातले काम करणाऱ्या मुलांना याची गरज नाही, असेही कोणी समजू नये. त्या मुलीचे हात गुरांचे करून घट्ट झालेले आहेत, तरी मानेमागचे स्नायू कच्चेच होते.

शेक घ्यायला हरकत नाही. मीठ किंवा वाळू तव्यावर गरम करून फडक्यात बांधावी, आधी आपल्या मनगटावर लावून पाहावी आणि दहापंधरा मिनिटे शेकावे. बामाने थोडा वेळ बरे वाटते, अपाय नाही. गोळ्यांबद्दल मात्र कडक बोलावे लागेल. औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय आणून, रिकाम्या पोटी, आठवडेच्या आठवडे घेणारी मुले मला भेटली आहेत. या गोळ्यांनी पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडाला इजा पोचू शकते. हेच औषध दिलेल्या आणि नंतर मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, हे आपल्यापैकी जुन्या पशुपालकांना माहीत आहे. माणसाला ते डॉक्टरच्या सांगण्यावरून, सांगितले तितकेच दिवस घेता येते. रोजच्या जेवणाला लोणचे घ्यावे तसे नव्हे.

केस कापायच्या दुकानात कटकन्‌ मान मोडून घ्यायची एक आवड तरुणांत आहे. आवाज झाला की बरे वाटते म्हणतात. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात आणि तेथूनच श्वासाच्या पडद्याला जाणारी नस निघते. झटक्याने त्यांना इजा होऊन माणूस कायमचा अधू झाल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदली आहेत. वीस रुपयांच्या आवाजासाठी हा धोका कशाला? हाडवैद्यालाही मानेला हात लावू देऊ नये, मग त्याचा घोट्याच्या बाबतीत कितीही लौकिक असो.

आणि डॉक्टरकडे केव्हा जायचे? दुखणे मानेतून हातात उतरत असेल, बोटे बधिर होत असतील, मुंग्या जात नसतील, हातातून वस्तू गळून पडत असेल, चालताना तोल जात असेल, तर घरगुती उपाय बंद करून डॉक्टर गाठावा. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखू लागली, तापाबरोबर मान ताठ झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, उद्यावर ढकलू नये. रात्री झोपेतून उठवणारे, दिवसेंदिवस वाढणारे दुखणे, वजन उतरणे, हेही तपासून घ्यावे. आधी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, कल्याणला पालिकेचे रुक्मिणीबाई रुग्णालय आहे, आणि तेथून गरज पडली तर उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय. साध्या दुखण्याला पहिल्याच दिवशी महागड्या तपासण्या लागत नाहीत. डॉक्टरने हात, बोटे, ताकद तपासली आणि काही वावगे दिसले नाही, तर सहसा हालचाल, व्यायाम आणि थोडा धीर हाच उपाय असतो.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या मुलीला बोटांत मुंग्या येत होत्या काय, हे मी आधी विचारले होते. येत नव्हत्या. तरी तिला आरोग्य केंद्रात दाखवून घ्यायला सांगितले आणि घरच्यांनी ते केले. तिला जाऊन आता दोन महिने झाले. परवा काळूपलीकडे खताच्या कामाने गेलो होतो, तेव्हा चौकशी केली. दुखणे पुष्कळ कमी आहे, पण गेलेले नाही. परीक्षेच्या आठवड्यात पुन्हा वाढले होते, तेव्हा तिने ट्यूब सोडली होती असे आईने सांगितले. मुलगी म्हणाली, वेळ नव्हता. दोन मिनिटांचा वेळ नव्हता हे मला पटले नाही, पण परीक्षेच्या दिवसांत मुलांना कोण काय सांगणार.

शिक्षण थांबवायचे बोलणे सध्या थांबले आहे. निदान तिसरे वर्ष होऊ द्यायचे, असे वडिलांनी ठरवले आहे. त्यांनी दुसराही एक ठोकळा केला होता, धाकट्या मुलासाठी. त्याची खाच जरा खोल झाल्यामुळे मोबाईलचा खालचा भाग झाकला जातो आणि चार्जिंगची वायर लागत नाही. ज्या घरांत असा ठोकळा करायचा असेल त्यांनी खाच अर्ध्या बोटापेक्षा खोल घेऊ नये आणि वायरीसाठी मध्ये खालून एक भोक ठेवावे.